नेफ्तालीच्या अंघोळीचं पाणी

मित्रांनो, माझ्या उजव्या अंगाला एक तडा आहे. आधी त्याचीच ओळख करून देते, कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा त्याच्याकडेच बोट दाखवतो आणि मग विचारतो, "ही अजून ठेवलीय?" हो, ठेवली आहे. मी एक जुनी काचपेटी आहे, आणि मला का ठेवलं आहे, तेच मी आज सांगणार आहे.

जन्मानं मी माशांची पेटी नव्हेच. माझ्या काचा एका पावाच्या दुकानातल्या. त्यांच्यामागे गोड पाव, अननसाचा मुरंबा भरलेली सेमिता, साखर भुरभुरलेल्या वड्या मांडलेल्या असत. बाहेरून मुलं काचेला नाकं लावून बघत. आतून ती नाकं इतकी चपटी दिसत की मला हसू येई. पुढे दुकान बंद पडलं, कपाट मोडलं. एका काचवाल्यानं उरलेल्या काचा कापून सांधल्या आणि मी झाले. अपोपा नावाच्या गावातल्या एका अरुंद बोळात राहणाऱ्या ओविदिओनं मला घरी नेलं. तेव्हा त्याची मुलगी यानिरा रांगत होती.

ते दिवस माझ्या कौतुकाचे. बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी मी असे. माझ्यात दोन सोनेरी मासे फिरत. पाहुणे आधी माझ्याकडे बघत आणि मग घरच्यांची चौकशी करत. पण ओविदिओ कामासाठी उत्तरेकडे गेला, तो वर्षा-दोन वर्षांनी चार दिवस येई तेवढाच. त्याची बायको मारित्सा पहाटे उठून शिलाईच्या कारखान्यात जाऊ लागली. सोनेरी मासे गेले. मग माझ्यात राजम्याचे दाणे आले, मग जुन्या चपला आल्या. शेवटी मला अंगणात काढलं, आणि एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली. एका दुपारी कुणाचा तरी चेंडू आला आणि हा तडा देऊन गेला. चेंडू नेण्यासाठी धावत आले सगळे. माझ्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

असं कितीतरी काळ चाललं. मग यानिराचा धाकटा भाऊ नेफ्ताली जन्मला.

तो जन्मला अवेळी, मुठीत मावेल एवढा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मारित्साला बजावलं, "याला ताप येता कामा नये. दुसरं काही नाही झालं तरी चालेल, पण एवढं सांभाळा."

आता ताप कुठून येतो ते आमच्या बोळात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मागच्या पावसाळ्यात डासांचा ताप घराघरांतून फिरला होता. यानिरा स्वतः त्यात अंथरुणाला खिळली होती. हाडं कुटल्यासारखी दुखतात म्हणून रडली होती. शेजारच्या तोमासाकाकूंचा नातू दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याला चालवत नव्हतं. आणि डास जन्मतात ते आमच्याच अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत. नळाला पाणी येतं ते मनात येईल तेव्हा. कधी आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा. पाणी साठवलं नाही तर प्यायचं काय? आणि साठवलं तर त्यात वळवळ्या अळ्या. पूर्वी टाकीत मासे असत, ते अळ्या खात. पण त्या वर्षी उन्हाळ्यात टाकी तळाला गेली आणि मासेही गेले. टाकीच्या शेजारीच दोराचा झोळणा टांगलेला. त्यात नेफ्ताली निजलेला. पावसाळा तोंडावर आलेला.

यानिरा तेव्हा अकरा वर्षांची. ती टाकीत वाकून बघे, मग झोळण्यात वाकून बघे. एक दिवस तिनं कोंबडीला उठवलं, मला घासूनपुसून लख्ख केलं आणि आजीला म्हणाली, "आजी, मी मासे वाढवणार. आपल्या टाकीपुरते नाहीत, सगळ्या बोळाला पुरतील एवढे."

"सगळ्या बोळाला? तू काय नगराध्यक्ष झालीस?" इलारिया आजी म्हणाली.

"डासाला भिंत कळते का? आपल्या टाकीतले मारले आणि तोमासाकाकूंच्या टाकीतले आले तर?"

आजी उठली आणि मला ठेवायला अंगणातली जागा झाडू लागली. इलारिया आजीला पटवणं ही सोपी गोष्ट नव्हती, मित्रांनो.

मासेवाला फ्रोइलान सायकलवरून येई. सायकलच्या दांड्यांना पाण्यानं भरलेल्या पारदर्शक पिशव्या लटकत, आणि प्रत्येक पिशवीत रंगीत मासे. आमच्याकडे त्यांना चिंबोलो म्हणतात, तुमच्याकडे गप्पी. त्यानं आल्या आल्या एक पिशवी यानिराच्या डोळ्यांसमोर धरली. आत लाल शेपटीचा एक मासा होता. शेपूट कसली, लग्नातल्या झग्याचा घोळच तो!

"हा घे, बाळा. नुसता बघत बसलीस तरी पोट भरेल."

"शेपटीनं डास मरतात काय रे?" आजीनं दारातूनच विचारलं.

"आजी, तुम्ही माझा धंदा बुडवणार."

"तुझं पोट बघता धंदा बरा चाललेला दिसतोय."

यानिरा आत गेली आणि एक पेला घेऊन आली. पेल्यात टाकीतल्या अळ्या वळवळत होत्या. तिनं लाल शेपटीच्या पिशवीत एक अळी सोडली. माशानं ती तोंडात घेतली, थुंकली आणि शेपूट सावरत दुसरीकडे गेला. त्या जड शेपटीमुळे त्याला चटकन वळताही येत नव्हतं.

"अगं, तू मासे घ्यायला बसलीस की त्यांची परीक्षा घ्यायला?" फ्रोइलान हसू लागला.

"नापास," यानिरा म्हणाली. पण तिची नजर पुन्हा पुन्हा त्या लाल शेपटीकडे जात होती. मला ते दिसत होतं. तिला तोच हवा होता. अकरा वर्षांच्या मुलीला दुसरा कोणता आवडणार?

तिनं सगळ्या पिशव्यांमध्ये अळ्या सोडल्या. कोण झडप घालतो, कोण कोपऱ्यात दडून बसतो, कुणाची पाठ सरळ आहे, कुणाचे पर अंगाला चिकटलेले आहेत, सगळं तिनं खाली बसून निरखलं. सर्वात खालच्या पिशवीत राखेच्या रंगाची एक मासळी होती. तिच्या वरच्या पराला खाच होती. रूप म्हणाल तर काही नाही. अळी तळाला पोचायच्या आत तिनं गिळली. दुसरी टाकली, तीही गिळली. मग काचेसारख्या पिशवीला तोंड लावून ती यानिराच्या बोटामागे फिरू लागली, जणू विचारत होती, आणखी आहेत का?

"ती? ती मी कोंबड्यांना घालायला ठेवली होती," फ्रोइलान म्हणाला. "पोट बघ, शेपटीजवळ काळा डाग बघ. पोटुशी आहे. म्हणून एवढी भूक."

"मला पोटुशीच हवी."

तिचं नाव यानिरानं तिथल्या तिथे ठेवलं: सेनिसा. म्हणजे राख. तिच्यासोबत आणखी दोन चपळ मासळ्या घेतल्या आणि एक सडपातळ, आखूड शेपटीचा नर.

"नर एकच ठेव," फ्रोइलाननं जाता जाता सांगितलं. "जास्त ठेवलेस तर माद्यांना जीव नकोसा करतील. आणि नळाचं ताजं पाणी थेट घालायचं नाही हां. त्यात औषध असतं, मासे तडफडतात. उन्हात मुरू दे, मग घाल. आजी, तुम्हीही ऐका."

"ऐकलं, ऐकलं," आजी म्हणाली. "तुझं बोलणं अख्ख्या बोळानं ऐकलं."

माझा तडा वरच्या अर्ध्या भागात होता. म्हणून यानिरानं मला अर्धंच भरलं, टाकीतल्या मुरलेल्या पाण्यानं. कितीतरी वर्षांनी माझ्यात पुन्हा जीव फिरू लागला. मला काय वाटलं ते सांगता येत नाही.

त्यानंतर नळ आटला. दिवसांमागून दिवस गेले, पाणी आलं नाही. टाकी खाली खाली जाऊ लागली, आणि पाणी जेवढं कमी तेवढ्या अळ्या दाट दिसू लागल्या. संध्याकाळी गावामागच्या ज्वालामुखीच्या माथ्यावर काळे ढग जमत आणि न बरसता निघून जात. मारित्सा कामावरून येई ती आधी बाळाच्या कपाळाला हात लावी, मग पायातल्या चपला काढी. सेनिसाचं पोट चौकोनी दिसू लागलं होतं, दिवस भरल्याची ती खूण. यानिरा शाळेत जाताना मला म्हणे, "आज नको हं. मी आल्यावर." ती हे सेनिसाला सांगे की मला, कोण जाणे.

आता आजीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. इलारिया आजीचं सारं आयुष्य पाण्याची वाट बघण्यात गेलं होतं. लहानपणी ती डोक्यावर घागर घेऊन डोंगर चढली होती. त्यामुळे नळाला पाणी आलं की तिच्या अंगात वारं शिरे. हंडे, बादल्या, बाटल्या, पातेली, कढया, सगळं काठोकाठ. "पाणी आलेलं असताना घरात रिकामं भांडं म्हणजे पाप," ती म्हणे. तोमासाकाकू चिडवत, "इलारिया आजी चमचेसुद्धा भरून ठेवते!" ही खोड तिची एकटीची नव्हे. आमच्या बोळातल्या प्रत्येक बाईच्या हाताला ती लागलेली आहे. पाणी आलं की डोकं बाजूला आणि हात पुढे.

आणखी एक रीत. नेफ्तालीच्या अंघोळीचं पाणी आजी रोज सकाळी निळ्या टबात काढून, वर पातळ फडकं बांधून उन्हात ठेवी. दुपारपर्यंत ते कोमट होई. मग त्यात ती रूदाची, तुमच्याकडच्या सतापाची, पानं चुरडी, दृष्ट लागू नये म्हणून, आणि बाळाला न्हाऊ घाली. टाकी तळाला गेली तरी बाळाचं पाणी तिनं चुकवलं नव्हतं.

त्या दिवशी उन्हं डोक्यावर आली होती. मारित्सा कारखान्यात, यानिरा शाळेत. नेफ्ताली झोळण्यात निजलेला. एकाएकी नळ खोकला. दोनदा खोकला, गुळण्या केल्यासारखा आवाज झाला आणि तांबूस पाण्याची धार सुटली. सगळ्या बोळातून ओरडा उठला, "पाणी आलं! पाणी आलं!"

आजी उठली ती वाऱ्यासारखी. रबरी नळी टाकीत सोडली. मग हंडे, मग बादल्या, मग कढया. पाण्याला औषधाचा इतका उग्र वास येत होता की माझ्या काचांना झोंबला. खूप दिवसांनी पाणी सोडलं की तसंच असतं. आजीचं बाहीनं घाम पुसणं चाललं होतं, ओठ पुटपुटत होते, देवाचे आभार की भांड्यांची मोजदाद, ठाऊक नाही. आणि मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"अगं बाई! आणि हे बिचारे अर्ध्याच पाण्यात?"

मित्रांनो, तिच्या आवाजात माया होती. तहानलेल्याला पाणी द्यावं तसं तिनं नळी माझ्यात सोडली आणि दुसरी बादली उचलायला वळली.

पाणी चढू लागलं. आधी नर वर आला आणि तोंड उघडून हवा गिळू लागला. मग मासळ्या. सेनिसा एकदा तळाला गेली, एकदा वर आली, माझ्या काचेवर आपटली. तिच्या कल्ल्यांची उघडझाप माझ्या अंगाला जाणवत होती. मी ओरडू कशी? मला तोंड नाही. हात नाहीत. आजी पाठमोरी. बाळ निजलेलं. पाणी माझ्या तड्यापाशी पोचलं.

काचपेटीला सारा जन्म एकच गोष्ट शिकवलेली असते: पाणी धरून ठेव. मी इतकी वर्षं तेच केलं होतं. त्या क्षणी मी ते सोडलं. तडा करकरला, खालपर्यंत धावला आणि माझ्या अंगातून पाण्याचा पडदा सुटला.

पाणी झोळण्याखालून वाहत आजीच्या पायांना लागलं. "फुटली मेली पेटी!" म्हणत ती वळली, आणि तिला मासे दिसले. नर आडवा झाला होता.

आजीच्या हातातली बादली खाली पडली. नळी तिनं ओढून फेकली. वाडगा घेऊन मासे उचलले, पण ठेवणार कशात? तिनं बादली हुंगली. हंडा हुंगला. कढई, पातेलं, टाकी, सगळीकडे तोच वास. घरात एकही भांडं तिनं सोडलं नव्हतं. माझ्यातलं पाणी संपत आलेलं, आणि घरभर पाणीच पाणी असून घोटभर पाणी नाही.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. यानिरा धापा टाकत उभी. शाळा सुटताना तिनं रस्त्यात "पाणी आलं"चा ओरडा ऐकला होता आणि आजी आठवून ती धावत सुटली होती.

"आजी, नळाचं घातलंस?"

"घातलं गं." आजीचा आवाज एवढासा झाला. "हातानं घातलं. मी नाही."

"जुनं पाणी कुठाय? कुठेच नाही?"

दोघींनी अंगणभर पाहिलं. आणि दोघींची नजर एकदमच जाऊन थांबली ती उन्हात ठेवलेल्या निळ्या टबावर.

"पण ते बाळाचं आहे," यानिरा म्हणाली.

"बाळ आज पारोसं राहील. पारोसं राहून कुणी मेलं नाही. आण इकडे!"

"रूदा टाकलीस का?"

"नाही अजून. देवानंच हात धरला माझा. आण म्हणते ना!"

फडकं सुटलं, मासे कोमट पाण्यात गेले. भिंतीवरून तोमासाकाकूंचं डोकं वर आलं. "अहो आजी, तुमची नळी वाहतेय बघा! अंगणात तळं झालंय!"

"वाहू दे," आजी म्हणाली. तिची नजर टबावरून हलली नाही.

तोमासाकाकूंनी छातीवर क्रूस काढला. "इलारिया आजी म्हणते वाहू दे! कोण गेलं तुमच्यात?" आणि त्या भिंतीवरूनच उतरून मदतीला आल्या.

नर गेला होता. एक मासळीही गेली. दुसरी सावरली. सेनिसा तळाशी बसून थरथरत होती. यानिराला रडू फुटलं. "आजी, ती मरतेय."

आजीनं टबावर वाकून बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मरत नाहीये. बाळंत होतेय. नीट बघ."

एक काळा ठिपका खाली पडला. तळाला टेकायच्या आत तो उलगडला आणि पोहू लागला. मग दुसरा. मग तिसरा. वाचलेली मासळी एकदम वळली आणि एक ठिपका गट्ट झाला.

"खातेय! आजी, ती खातेय त्यांना!"

"मग बघतेस काय? तिला काढ!" यानिरानं तिला वाडग्यात घेतलं. माझ्या तळाशी पाणगवताचा झुबका लोळत पडला होता. तो तिनं उचलून टबात पसरला, पिल्लांना लपायला. झोळण्यात नेफ्ताली जागा होऊन रडू लागला, तेव्हा तोमासाकाकूंनी त्याला उचललं. अंगणात दोन बाळंतिणींचं घर असावं तशा तिघीजणी कुजबुजत बोलत होत्या. मी रिकामी, फुटलेली, भिंतीला टेकून बघत होते.

संध्याकाळी मारित्सा आली. तिनं बाळाच्या कपाळाला हात लावला आणि मग टबात पाहिलं.

"माझ्या बाळाच्या टबात मासे?"

"पाहुणे आहेत," आजी म्हणाली. "चार दिवस राहतील. तुझा लेक पारोसा आहे, रागावायचं तर माझ्यावर रागाव."

मारित्सा रागावली नाही. पायातल्या चपलांसकट ती तिथेच बसली आणि त्या इवल्या ठिपक्यांकडे बघत राहिली. अवेळी जन्मलेल्यांकडे कसं बघायचं असतं, ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

पिल्लं वाढली. सेनिसानं पुढेही, नर नसताना, दोन वेळा पिल्लं दिली. एकदा भेटलेल्या नरावर तिच्या जातीला ते जमतं. आमच्या टाकीतलं पाणी उन्हात मुरल्यावर पहिली पिल्लं तिथे गेली, मग तोमासाकाकूंच्या टाकीत, मग पलीकडे. लोक पेले, बाटल्या घेऊन येत आणि यानिरा त्यांना निवडून देई: चपळ, सरळ पाठीचे, खादाड. रंग कुणी मागितला तर आजी आतून ओरडे, "रंग पाहिजे तर भिंतीला लाव!" आता आमच्या बोळात नळ खोकला की कुणी "पाणी आलं" म्हणत नाही. आधी ओरडा होतो, "मासे काढा!" आणि सर्वांत मोठा आवाज इलारिया आजीचा असतो.

त्या पावसाळ्यात ताप आलाच नाही असं मी म्हणणार नाही. बोळाच्या टोकाच्या एका घरात तो आला. नेफ्तालीला मात्र आला नाही.

माझ्यात आता पाणी राहत नाही. फ्रोइलान म्हणाला होता, "टाका ती, मी दुसरी आणतो." आजीनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो सायकलवर बसून निघूनच गेला. तिनं माझ्यात माती भरली आणि रूदा लावली. जास्तीचं पाणी तड्यातून आपोआप झिरपतं, रोप कुजत नाही. नेफ्तालीच्या अंघोळीला आता माझीच पानं जातात.

मित्रांनो, घरात एखादा जीव आणाल तर रूपावर भाळून आणू नका. खाली बसा, त्याला नीट निरखा, आणि त्याला सोसेल ते पाणी आधी तयार ठेवा. घाईत ओतलेली मायासुद्धा जीव घेऊ शकते. आणि अंगणात एखादी तडकलेली वस्तू पडली असेल, तर फेकण्याआधी एकदा तिच्याकडे बघा. एवढंच मागणं आहे.

आता थांबते. नेफ्ताली आला आहे. हल्लीच तो चालायला लागलाय. माझा काठ धरून उभा राहतो, मातीतली पांढरी मुळं बघायला काचेला नाक लावतो, आणि आतून ते इतकं चपटं दिसतं, की काय सांगू!